शनिवारचा खाऊ

"अकराव्या वर्षीच तूवाच्या यकृतावर एवढी चरबी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच चाललं तर तिशीतच दुसऱ्याचं यकृत बसवायची वेळ येईल. आता आठवड्यातून एकदाच मिळणारा शनिवारचा खाऊसुद्धा बंद."

"ती माझ्याकडे असते त्या आठवड्यात कडकच असतं," तूवाची आई म्हणाली. "लाड करतो तो हा."

"माझ्या घरात साखर नसते, आन्निका. तू तुझं बघ," घटस्फोटित बाप म्हणाला.

मंगळवार होता, तरी पार्किंगमध्ये आईने चॉकलेट-गोळ्यांची भलीमोठी पिशवी तूवाच्या हातात कोंबली. "पप्पाला सांगू नकोस हं."

तूवाने ती दप्तरात ठेवली, पप्पाने सकाळी दिलेल्या पिशवीशेजारी.

मार्चमध्ये ती बारा वर्षांची होणार होती. कायमचं कुणाकडे राहायचं, हे कोर्ट तेव्हा तिलाच विचारणार होतं.