एका वाचकाचा प्रश्न

डॉक्टरांनी रद्दीचा गठ्ठा उपसून तो अंक शोधून काढला आणि स्वतःचंच उत्तर पुन्हा वाचलं. वाचून त्यांना दरदरून घाम फुटला.

दर रविवारी पेपरात त्यांचं दातांवरचं सदर यायचं. तेच ते प्रश्न. ब्रश कधी बदलायचा, हिरड्यांतून रक्त का येतं, सहा महिन्यांनी तपासणी खरंच लागते का. पेपरवाले नावगाव गाळून नुसते प्रश्न टाइप करून पाठवायचे. डॉक्टर हसवत हसवत उत्तरं द्यायचे. लोकही मिटक्या मारत वाचायचे.

दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी विचारलं होतं, 'गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. तीन आठवडे झाले, जात नाही. दुखत मात्र नाही. दाखवायला हवा का?'

डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'दुखत नाही ना? मग आरशात कमी बघत जा!'

आता बोला! एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं असं लिहावं? पण लिहिलं खरं. आणि काल तसलाच चट्टा वर्षभर अंगावर काढलेला एक सुतार दवाखान्यात आला. त्याला मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देताना डॉक्टरांना ते उत्तर आठवलं.

"माझ्यामुळे कुणीतरी गाफील राहिलंय गं," चहा घेताना ते बायकोला म्हणाले. एरवी घरात हा विषय त्यांना खपत नसे. 'दिवसभर लोकांचे जबडे बघतो, घरी तरी सोड मला,' असं ते तिला कितीदा तोडून बोलले होते.

बायको चहा निवायची वाट बघत होती. "चट्टा म्हणजे वाईटच असतं का हो?"

"नेहमी नाही. पण दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायलाच हवा. वेळेत कळलं तर माणूस वाचतो. आणि मी गाढवासारखा विनोद करत बसलो!"

तिनं चहावर फुंकर मारली. मग म्हणाली, "चुकलो म्हणून छापा की पेपरात. बोलवा त्या माणसाला."

"आणि नाही आला तर?"

"एवढं मनापासून बोलावल्यावर येईल हो."

रविवारी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता माफी मागितली. 'ज्यांनी चट्ट्याबद्दल विचारलं होतं, त्यांनी कृपा करून उद्याच दवाखान्यात यावं. मी वाट बघतोय.'

सोमवारी दाढदुखीवाले आले, कवळीवाले आले. दार वाजलं की डॉक्टरांचा जीव खालीवर व्हायचा. एक वाजत आला तरी त्या माणसाचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी हातमोजे काढून टाकले.

नर्स आत आली. तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "सर, चट्टा दाखवायला कुणीतरी आलंय. सगळे गेल्यावरच आत सोड म्हणून सांगितलंय. मघापासून बसून आहेत."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत डॉक्टर स्वतःच बाहेर धावले.

रिकाम्या बाकांमधून, ओशाळं हसत, त्यांची बायको उठून उभी राहिली.