उघडा हात

जेवणाआधी आम्ही टेबलाभोवती एकमेकांचे हात धरून प्रार्थना करायचो. माझ्या डावीकडे खाणकामानं खरखरीत झालेला बाबांचा तळवा असायचा. एके दिवशी खाणीचं छत कोसळलं. बाबा आत अडकले. संध्याकाळी आईनं नेहमीसारखी ताटं मांडली. आत्या कडाडली, "वहिनी, माझा भाऊ तिकडे गाडला गेलाय आणि तुला जेवण सुचतंय?" "पोरं उपाशी आहेत. बस तूही." बाबांची खुर्ची रिकामी होती. मी विचारलं, "आई, हा हात कोण धरणार?" "उघडाच ठेव. प्रभू येशू धरेल. तिकडे अंधारात बाबांचाही त्यानंच धरलाय." आत्या आईशेजारी येऊन बसली. बाबा परतले नाहीत. तरी आईनं माझा हात मिटू दिला नाही. आता टेबलाशी मी एकटीच असते. दोन्ही हात उघडे पाहून शेजारीण विचारते, "आजी, काय मागताय?" "मागत नाही गं, हात धरून बसलेय."