कपाटाचं दार

खोली सोडून जाणाऱ्यानं कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं आपली चूक लिहून जायची, असा नांदेडच्या त्या विद्यापीठ हॉस्टेलातल्या बावीस नंबरचा रिवाज होता. मुखेडचा धम्मानंद राहायला आला त्याच दिवशी त्यानं सगळं दार वहीत उतरवून घेतलं. 'मेसवर गप्पा हाणत बसलो, प्रिलिम गेली.' 'दर सणाला गावाकडं पळालो.' 'प्रेमात दोन वर्षं गेली.' 'दोस्तांनी भरला म्हणून तोच फॉर्म भरला.' यातलं एकही करायचं नाही, एवढंच त्याचं करिअर प्लॅनिंग. तीन वर्षं तो मेसच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून जेवला. भीमजयंतीलाही घरी गेला नाही. आणि पहिल्याच प्रयत्नात राज्य कर निरीक्षक झाला.

निकालानंतर चौथ्या दिवशी तो सामान बांधत होता, तेव्हा अहमदपूरचा नरसिंग ट्रंक घेऊन त्या खोलीत राहायला आला.

"दादा, तुमचं सिलेक्शन झालं म्हणं! पेढे कुठायत?"

धम्मानंदनं टेबलावरचा बॉक्स पुढं केला. "घे. सगळेच घे."

नरसिंगनं दोरी सोडली. बॉक्स काठोकाठ भरलेला होता.

"आन बाकीच्या पोरायला?"

धम्मानंदनं बॅग खांद्याला लावली आणि तो निघून गेला.

कपडे ठेवायला नरसिंगनं कपाट उघडलं. दारावर सगळ्यात खाली ताजी ओळ होती: 'पास झाल्यावर पेढे घेऊन कुणाचं दार वाजवायचं, तेवढं आधी ठरव.'