मागचे रुंद टायर

इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या डोंगरचढणीच्या मोटार शर्यतीत हेस्टर सत्तरीतही बक्षीस आणायची. वळणावर तिच्या स्पोर्ट्स कारची शेपूट घसरायची, आणि त्या घसरणीवरच ती गाडी झोकात वळवायची. यंदा मात्र तिच्या मुलाने, गॅरेथने, काळजीपोटी परस्पर मागे रुंद टायर चढवले. पुढचे होते तेच ठेवले.

पहिल्याच अवघड वळणावर तिने स्टिअरिंग पुरतं फिरवलं, पण गाडी नाकासमोर सरळ जाऊन कडेला रचलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यांत घुसली. तिला किंवा गाडीला खरचटलंसुद्धा नाही.

"मागची पकड वाढवलीस, पुढची होती तेवढीच," ती कडाडली. "आता मागची चाकं पुढच्यांना सरळच रेटतात. वळणार कशी?"

"आई, वयाचं खापर टायरांवर फोडू नकोस," गॅरेथ सगळ्यांदेखत म्हणाला. "हात थकलेत तुझे. किल्ली दे, आणि उद्यापासून बागेत गुलाब लाव."

एकच गाडी घरातल्या दोघांनी पाळीपाळीने पळवायची, ही तिथली जुनी रीत. आता पाळी त्याची होती. हेस्टरने किल्ली दिली, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि त्याच वळणापाशी कुंपणाला टेकून उभी राहिली.

गाडी आली.



भाऱ्यांतून धडपडत बाहेर आलेल्या लेकाच्या कॉलरवरचा पेंढा झटकत तिने सगळ्यांदेखतच विचारलं, "गॅरेथ बाळा, तुला कितवं वर्ष लागलं रे?"