कंपनीचं पत्र

"ब्रेक लागलाच नाही, मॅडम," ड्रायव्हर तुळशीराम परोपरीने सांगत होता. पण एवढ्या महागड्या गाडीचा ब्रेक लागत नाही, हे वसुधाताईंना पटेना. गाडी फाटकावर आदळली होती. बारा वर्षं सोबत असलेल्या माणसाला त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं.

चार महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. या मॉडेलच्या ब्रेकमध्ये दोष आहे, गाडी चालवू नका, आम्ही ती दुरुस्तीला परत नेतो.

वसुधाताई रिक्षाने सातपूरला त्याच्या घरी गेल्या. पत्र पुढे करून "माझं चुकलं" एवढंच कसंबसं म्हणाल्या.

तुळशीरामने ते वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मॅडम, ताईपण हीच गाडी चालवतात ना? त्या बऱ्या आहेत ना?"

"लेक बरी आहे," म्हणताना वसुधाताईंना रडू फुटलं.