सौम्य की जोरदार?

“बायका कशाला येतात इथे?” नवरा लिफ्टमध्येही कुरकुरत होता, पण हेरिम हट्टाने आली. जोंगनो भागातल्या त्या केसगळतीच्या दवाखान्यात टकल्यांचीच गर्दी होती. नंबर लागताच तिने डॉक्टरांना विचारलं, “यांना केसांची सौम्य गोळीच देताय ना? जोरदारवाली मूल होण्याच्या आड येते म्हणे. दोन वर्षं वाट बघतोय आम्ही.” डॉक्टर गोंधळले. “मूल हवंय का, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ‘मुळीच नको’ म्हणत यांनीच जोरदारवाली निवडली.” नवरा दाट केसांतून हात फिरवत पुटपुटला, “अगं, टकल्याला बढती कोण देतं? मूल काय, पुढेही होईल.” हेरिमच्या पर्समध्ये काढ्याची छोटी सीलबंद पिशवी होती. कूस उजवावी म्हणून सासूबाई अशा पिशव्या दरमहा खोकंभर पाठवायच्या, ती नाक दाबून प्यायची. तिने पिशवी त्याच्या हातात कोंबली. “आईंना सांग, दोन वर्षं काढा चुकीच्या माणसाला पाजलात.”