बाबांची वीजबचत

यंत्राची घरघर पुन्हा थांबली. ती भांडी टाकून फेसाच्या हातांनीच धावत आली. सासरे पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. नाकातली नळी हनुवटीवर आली होती, ओठ निळसर पडले होते आणि हातातल्या काठीचं टोक अजून भिंतीवरच्या बटणाशी होतं.

तिने हात अंगावरच पुसले, बटण दाबलं, नळी नाकात बसवली.

“बाबा, काय मांडलंय तुम्ही हे? मी भांडी घासू की तुमच्यावर पहारा देऊ?”

“घटकाभर बंद राहिलं तर काही बिघडत नाही,” ते धापा टाकत म्हणाले. “तो दिवा बघ. कसा पळत सुटलाय!”

उघड्या दारातून व्हरांड्यातला विजेचा मीटर दिसत होता. त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. सासऱ्यांची उभी हयात घरोघरी जाऊन मीटर वाचण्यात गेली होती. साथ आली, मुलाचा पगार अर्धा झाला, घरात काटकसर ठरली, तेव्हा विजेचं खातं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांनी गिझर बंद केला, इस्त्री माळ्यावर टाकली, तोवर ठीक होतं. मग साथीने त्यांनाच गाठलं. दवाखान्यात खाट मिळेना, म्हणून हे ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने घरी आणलं, आणि सासरेबुवा आता श्वासातही काटकसर करायला निघाले. खोलीत प्लग तेवढा एकच. काठी काढून घेतली तर छत्रीने बटण पाडायचे. छत्री लपवली, पण संडासला जायला काठी परत द्यावीच लागली.

तिने एक शेवटचा उपाय करून पाहिला. “बाबा, आजारी माणसाच्या यंत्राला बिल माफ झालंय.”

“कुठल्या तारखेचं परिपत्रक?”

“कालच... कालच निघालं.”

“काल रविवार होता.” त्यांना हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. “अगं, मीटरला चुंबक लावणारे लोकसुद्धा याहून बऱ्या थापा मारायचे.”

तिचं डोकंच फिरलं. “हो, मारली थाप! मग काय करू? हात जोडून झाले, ओरडून झालं. डॉक्टर सांगून गेलेत, हे बंद ठेवाल तर जिवावर बेतेल. उद्या तुम्ही गेलात, तर वाचलेले पैसे काय चाटायचेत आम्ही?”

सासऱ्यांची नजर पुन्हा मीटरकडे गेली आणि हात चाचपडत काठीकडे.

ते बघून ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि तिने फ्रीजचा प्लग उपटला. मग दिवे, मग पंखे, मग टीव्ही. आतल्या खोलीत नवरा दार लावून अर्ध्या पगारात पूर्ण नोकरी करत होता. त्याच्या पंख्याचं बटण दाराबाहेरच होतं, तेही तिने खटकन पाडलं. इंटरनेटचा डबासुद्धा सोडला नाही.

परत येऊन ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बघा आता.”

दिवा सावकाश लुकलुकत होता. सासरे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग घसरलेली नळी त्यांनी स्वतःच्या हाताने नाकात नीट बसवली आणि काठी तिच्या हातात दिली. त्या यंत्राशिवाय घरात काहीच चालू नव्हतं.

आतून नवरा ओरडला, “अगं, मीटिंग चालू होती माझी! लाइट गेली का?”

“गेली नाही रे,” सासरे म्हणाले. “माझ्याकडे आहे.”